डावी बाजू तीच, रीत निराळी : ब्रिटनमधील वाहनपरवाना

पुण्या-मुंबईत दहा-पंधरा वर्षे मोटार चालविलेला माणूस नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये जातो, तेव्हा तेथील रस्ता त्याला फारसा परका वाटत नाही. वाहने डाव्या बाजूनेच धावतात, स्टीअरिंग उजवीकडेच असते, शिकाऊ चालकाच्या गाडीवर लाल रंगातले तेच ‘एल’ अक्षर दिसते. अमेरिकेत किंवा जर्मनीत पाऊल ठेवताच जी दिशाभूल होते, ती येथे होत नाही. या ओळखीच्या वातावरणातूनच एक गैरसमज जन्म घेतो. आपल्याजवळ भारतातला पक्का परवाना आहे, वर्षानुवर्षांचा सराव आहे, तेव्हा ब्रिटिश परवाना सवडीने काढला तरी चालेल, असे नवागताला वाटू लागते. सहा-आठ महिने घर शोधण्यात, मुलांच्या शाळेत आणि नव्या कामात निघून जातात. मग एके दिवशी कोणीतरी विचारते, ‘तुम्हांला येऊन वर्ष होत आले ना?’ आणि धावपळ सुरू होते. तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्या भारतीयासाठी परवान्याचा प्रश्न मुख्यतः मुदतीचा आहे. कायद्याने त्याला बारा महिने दिले आहेत. त्या अवधीत अर्ज, लेखी परीक्षा आणि रस्त्यावरील चाचणी असे तीन टप्पे एकामागून एक पार करावे लागतात, आणि प्रत्येक टप्प्यापुढे स्वतंत्र रांग असते. ही रचना आधी समजून घेतली, तर पुढचा बराच मनस्ताप टळतो.

पुढील माहिती इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या प्रांतांना लागू आहे. उत्तर आयर्लंडमधील परवाना-यंत्रणा वेगळी असून तेथील काही नियमही निराळे आहेत.

बारा महिन्यांचा हिशेब

भारतात मिळालेला, मुदतीत असलेला पक्का परवाना जवळ असल्यास ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्या दिवसापासून बारा महिने मोटार चालविता येते. नोकरीसाठी आलेल्यांना हा नियम लागू आहे, तसाच तो शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे. मध्यंतरी दिवाळीला किंवा लग्नकार्याला भारतात जाऊन परत आले, तरी बारा महिन्यांची मोजणी नव्याने सुरू होत नाही. ती पहिल्या दिवसापासूनच धरली जाते. भारतातून काढून आणलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यानेही ही मुदत वाढत नाही.

पर्यटकाचा हिशेब वेगळा आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी आलेले आईवडील हे पाहुणे ठरतात. भारतीय परवाना मुदतीत असेल आणि गाडीच्या विम्यात त्यांचे नाव असेल, तर ते गाडी चालवू शकतात. मात्र पर्यटक व्हिसावर त्यांना ब्रिटिश शिकाऊ परवाना काढता येत नाही. त्यासाठी देशात किमान १८५ दिवस राहण्याची अनुमती असावी लागते आणि अर्जदार तेथील रहिवासी असावा लागतो.

बारा महिने संपल्यावर भारतीय परवान्याच्या आधारे एकट्याने गाडी चालविणे हा गुन्हा ठरतो. परवान्याच्या अटींबाहेर गाडी चालविल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तीन ते सहा दंडगुण नोंदले जातात. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. वैध परवाना नसलेल्या चालकाला विम्याचे संरक्षण मिळेलच याची शाश्वती नाही. विम्याविना गाडी चालविताना सापडल्यास जागेवरील दंड ३०० पौंड आणि दंडगुण सहा. शिवाय पोलीस गाडी जप्त करू शकतात. नव्याने चाचणी उत्तीर्ण झालेल्या चालकाच्या खात्यात पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण जमले, तर त्याचा परवाना रद्द होतो, असा १९९५ चा कायदा आहे. शिकाऊ असताना मिळालेले दंडगुणही या हिशेबात धरले जातात. म्हणजे तेराव्या महिन्यात केलेली बेपर्वाई पुढे हाती आलेला परवानाही घालवू शकते.

अदलाबदल का होत नाही?

काही देशांचे परवाने ब्रिटनमध्ये चाचणीविना बदलून मिळतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जपान, सिंगापूर, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका, स्वित्झर्लंड हे त्यांपैकी काही. संयुक्त अरब अमिरातींचे नावही या यादीत आहे. भारत त्या यादीत नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकाही नाहीत. परिणामी दुबईत नोकरी करताना तेथील चाचणी देऊन परवाना मिळविलेला मराठी तरुण लंडनला आल्यावर तो परवाना बदलून घेऊ शकतो. पण थेट ठाण्याहून आलेल्या, त्याच्याहून दुप्पट अनुभवी असलेल्या त्याच्या भावाला मात्र शिकाऊ परवान्यापासून आरंभ करावा लागतो. आखाती देशांतून ब्रिटनला जाणाऱ्यांनी आपला तेथील परवाना जपून ठेवावा, तो यासाठीच.

भारतातील मोटार कायद्याची परंपरा ब्रिटिश राजवटीतच सुरू झाली. १९१४ आणि १९३९ चे कायदे त्या काळातले, आणि १९८८ चा आजचा कायदा त्यांच्यानंतरचा. तरीही दोन्ही देशांतील चाचण्यांत फार मोठे अंतर पडले आहे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने परवाना आला, तेव्हा तोही केवळ पाच शिलिंग भरून मिळत असे, चाचणी नव्हती. सक्तीची चाचणी १ जून १९३५ पासून सुरू झाली. स्वतंत्र लेखी परीक्षा १९९६ मध्ये आणि धोका ओळखण्याची चित्रफितींवरील परीक्षा २००२ मध्ये त्यात भर म्हणून आली.

पहिला टप्पा : शिकाऊ परवाना

शिकाऊ परवान्याला तेथे ‘प्रोव्हिजनल लायसन्स’ म्हणतात. तो स्वान्सी येथील ‘डीव्हीएलए’ ही सरकारी संस्था देते. सरकारी संकेतस्थळावरून अर्ज केल्यास शुल्क ३४ पौंड आणि टपालाने केल्यास ४३ पौंड आहे. टपालासाठीचा ‘डी-१’ नावाचा अर्ज अनेक टपाल कार्यालयांत मिळतो. ओळखीचा पुरावा, ब्रिटनमधील वास्तव्याची अनुमती आणि गेल्या तीन वर्षांतील पत्ते द्यावे लागतात. या तीन वर्षांत भारतातील पत्ताही येतो. तो पारपत्रावरील नोंदीशी जुळता ठेवलेला बरा. पूर्वी परदेशी नागरिकांना मिळणारे निवासाचे प्लॅस्टिक कार्ड आता मागे पडले असून त्याची जागा ई-व्हिसाने घेतली आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये पोहोचताच ई-व्हिसाचे खाते सुरू आहे ना, त्यातील नाव पारपत्राप्रमाणेच आहे ना, हे तपासावे. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत आणि वडिलांचे नाव मधल्या नावात असलेल्या महाराष्ट्रीय नावांच्या बाबतीत येथे घोटाळे संभवतात.

शिकाऊ परवाना काढल्याने भारतीय परवान्याचा हक्क लगेच संपत नाही. बारा महिन्यांच्या आत दोन्ही जवळ असले, तरी भारतीय परवान्यावर एकट्याने गाडी चालविता येते. तेव्हा ‘हा अर्ज केला तर गाडी चालविणे बंद होईल’ या भीतीने तो लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. उलट पुढील दोन्ही परीक्षांची वेळ राखून ठेवण्यासाठी याच परवान्याचा क्रमांक लागतो. म्हणून पहिल्या महिन्यातच हा अर्ज करणे हिताचे.

दुसरा टप्पा : लेखी परीक्षा आणि चित्रफिती

लेखी परीक्षेचे शुल्क २३ पौंड. परीक्षा संगणकावर होते आणि तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागात ५० बहुपर्यायी प्रश्न ५७ मिनिटांत सोडवायचे असून त्यांपैकी ४३ बरोबर यावे लागतात. दुसऱ्या भागात रस्त्यावरील वाहतुकीच्या १४ छोट्या चित्रफिती दाखविल्या जातात. त्यांत एकूण १५ धोके उद्भवतात. एका चित्रफितीत दोन असतात. धोका आकार घेऊ लागताच कळ दाबायची. जितक्या लवकर तो ओळखला, तितके गुण अधिक. एका धोक्याला कमाल पाच. एकूण ७५ पैकी ४४ गुण आवश्यक आहेत. दोन्ही भाग एकाच बैठकीत उत्तीर्ण व्हावे लागतात. एकात जरी कमी पडले, तरी संपूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि त्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस थांबावे लागते.

सुशिक्षित नवागत पहिल्या भागाला भितो आणि दुसऱ्याला सोपे समजतो. अनुभव बहुधा याच्या उलट येतो. प्रश्नांची उत्तरे ‘हायवे कोड’ हे सरकारी पुस्तक नीट वाचल्यास येतात. १९३१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची अद्ययावत आवृत्ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. चित्रफितींत मात्र अनुभवी चालकाची एक सवय आड येते. गजबजलेल्या रस्त्यावर वाढलेल्या डोळ्याला उभ्या गाड्यांमधून डोकावणारे मूल, कडेने सरकणारा सायकलस्वार हे दृश्य ‘धोका’ वाटतच नाही, ते नेहमीचेच वाटते. त्यामुळे कळ दाबायला उशीर होतो. दुसरीकडे जो घाबरून सारखी कळ दाबत राहतो, त्याला त्या चित्रफितीचे शून्य गुण मिळतात. यासाठी सरावाच्या चित्रफिती आधी पाहून परीक्षेचा ठेका समजून घेणे आवश्यक आहे.

एके काळी ही परीक्षा हिंदी, गुजराती, पंजाबी अशा भाषांतील ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने देता येत असे. एप्रिल २०१४ पासून परदेशी भाषांची ती सोय बंद झाली. आता इंग्रजी किंवा वेल्श यांचाच पर्याय उरला आहे. पतीच्या किंवा पत्नीच्या नोकरीमुळे ब्रिटनला आलेल्या आणि इंग्रजीचा सराव कमी असलेल्या व्यक्तीने या परीक्षेसाठी अधिक आठवडे हाताशी ठेवावेत. उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र दोन वर्षे ग्राह्य असते. तेवढ्या काळात रस्त्यावरील चाचणी उत्तीर्ण झाली नाही, तर लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

तिसरा टप्पा : रस्त्यावरील चाचणी

लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून रस्त्यावरील चाचणीची वेळ मिळत नाही. शुल्क कामाच्या दिवशी ६२ पौंड, सायंकाळी व सुटीच्या दिवशी ७५ पौंड. खरी अडचण पैशांची नसून तारखेची आहे. २०२० च्या साथीच्या काळात चाचण्या बंद राहिल्या आणि त्यानंतर साचलेली रांग पुढील अनेक वर्षे ओसरली नाही. कित्येक केंद्रांवर पाच-सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. या टंचाईचा फायदा घेऊन तारखा आगाऊ अडवून चढ्या दराने विकणारे मध्यस्थही उभे राहिले. त्यांना आळा घालण्यासाठी, चाचणीची वेळ केवळ शिकाऊ चालकालाच स्वतः घेता येईल, असा बदल सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. तात्पर्य, लेखी परीक्षेचा निकाल हाती येताच त्याच दिवशी संकेतस्थळावर तारीख घ्यावी. पुढे एखादी अलीकडची तारीख रिकामी झाल्यास ती बदलून घेता येते.

चाचणी सुमारे ४० मिनिटांची असते. आरंभी २० मीटर अंतरावरील गाडीचा क्रमांक वाचून दाखवायचा. चष्मा लागत असल्यास लावून. तो वाचता आला नाही तर चाचणी तेथेच संपते. मग गाडीच्या देखभालीविषयी एक प्रश्न तोंडी आणि एक प्रत्यक्ष चालविताना विचारला जातो. उदाहरणार्थ, ब्रेक नीट चालतात की नाही हे कसे तपासाल, किंवा मागील काचेवरील धुके घालविण्याची कळ दाबून दाखवा. त्यानंतर प्रत्यक्ष वाहतुकीत गाडी चालवायची. एक उलटी हालचाल करून दाखवायची असते : दोन गाड्यांच्या रांगेत समांतर लावणे, वाहनतळाच्या चौकटीत लावणे, किंवा रस्त्याच्या उजव्या कडेला थांबून दोन गाड्यांच्या लांबीइतके मागे येणे. काही चाचण्यांत अचानक ब्रेक लावून थांबायलाही सांगतात. सुमारे २० मिनिटे परीक्षकाच्या सूचनांविना, बहुधा दिशादर्शक यंत्राच्या आधारे चालवायचे असते. या भागात रस्ता चुकला तरी गुण जात नाहीत. चुकलेल्या रस्त्यावर नियम मोडला, तर जातात.

किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात. गंभीर किंवा धोकादायक चूक मात्र एकही चालत नाही. निकाल चाचणी संपताच सांगितला जातो. अनुत्तीर्ण झाल्यास पुढील चाचणी किमान दहा कामकाजाच्या दिवसांनंतरच देता येते, आणि तीही तारीख मिळाली तर. देशभरात चाचणी देणाऱ्यांपैकी उत्तीर्ण होणारे निम्म्याहून थोडे कमीच असतात. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात अपयश आले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसऱ्या प्रयत्नासाठी मुदतच उरलेली नसणे, हे मात्र टाळता येण्याजोगे आहे.

अनुभवी चालक अडखळतो कुठे?

गाडी हाताळण्याच्या कौशल्यात भारतीय चालक सहसा कमी पडत नाही. सिंहगड रस्त्यावर किंवा दादरच्या गर्दीत क्लच सांभाळलेल्या माणसाला ब्रिटनमधील गल्ली अवघड नसते. परीक्षक पाहतो ते निराळेच असते. चालक आपल्या भोवतालच्या माणसांची नोंद घेतो का, आणि ती घेतो हे दिसते का, यावर त्याचा भर असतो. चौकात नीट न पाहणे आणि दिशा बदलताना आरशांचा योग्य वापर न करणे, ही अनुत्तीर्ण होण्याची नेहमीची कारणे आहेत. गाडी जागेवरून हलविताना डोके वळवून मागची आंधळी जागा पाहिलीच पाहिजे. नुसती नजर फिरविली तर ती परीक्षकाला दिसत नाही.

वर्तुळाकार चौक, म्हणजे ‘राउंडअबाउट’, ही दुसरी कसोटी. तेथे उजवीकडून येणाऱ्या, आधीच वर्तुळात असलेल्या वाहनाला प्रथम जाऊ द्यायचे, हा नियम ब्रिटनमध्ये १९६६ पासून आहे. भारतातील पुस्तकातही तो आहे. परंतु आपल्याकडच्या सर्कलवर ज्याने गाडीचे तोंड आधी आत घातले, त्याचा हक्क मानला जातो. ही सवय चाचणीत एका क्षणात गंभीर चूक ठरते. याच्या उलट चूकही घडते. रस्ता मोकळा असताना घाबरून थांबून राहणे, हेही परीक्षक दोष म्हणूनच नोंदवितो.

दिव्यांची भाषा तर नेमकी उलटी आहे. आपल्याकडे समोरच्याने दिवे चमकविले की त्याचा अर्थ, ‘मी येतो आहे, तुम्ही थांबा.’ ब्रिटनमध्ये व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा ‘तुम्ही जा, मी थांबतो’ असा घेतला जातो. हायवे कोडनुसार मात्र दिवे चमकविण्याचा अर्थ एवढाच, की ‘मी येथे आहे.’ त्यामुळे दुसऱ्याने दिवे दाखविले म्हणून न पाहता पुढे जाऊ नये आणि आपणही ते इशारा म्हणून वापरू नयेत. भोंग्याचेही तसेच. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत तो वाजविणे नियमबाह्य आहे. एरवीही तो धोक्याची सूचना देण्यापुरताच असतो. पुढच्याला घाई करण्यासाठी नव्हे.

पादचाऱ्यांविषयीचा नियम २९ जानेवारी २०२२ पासून अधिक स्पष्ट झाला. ज्या रस्त्यात वळायचे आहे तो रस्ता कोणी ओलांडत असेल किंवा ओलांडण्यासाठी कडेला उभे असेल, तर चालकाने थांबावे, असे तो सांगतो. सायकलस्वाराला ओलांडून जाताना किमान दीड मीटर अंतर सोडावे. ज्याच्याकडून अधिक हानी होऊ शकते, त्याच्यावर अधिक जबाबदारी, हे यामागचे तत्त्व. मोठ्या वाहनाला लहानाने वाट द्यायची, या अलिखित रीतीत वाढलेल्या चालकाला हे तत्त्व पाठ करून भागत नाही, अंगवळणी पाडावे लागते.

वेगमर्यादा मैलांत असते, हेही विसरता कामा नये. रस्त्यावर दिव्यांचे खांब असलेल्या वस्तीत सामान्यतः ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. वेल्समध्ये अशा बहुतेक रस्त्यांवर सप्टेंबर २०२३ पासून ही मर्यादा २० मैलांवर आणण्यात आली. शिवाय पिवळ्या जाळीच्या चौकटीत पुढे जागा असल्याविना शिरू नये, पिवळा दिवा लागला की सुरक्षितपणे थांबता येत असल्यास थांबावेच, अशा कित्येक लहान गोष्टी आहेत. यांपैकी बहुतेक नियम भारतीयाला ठाऊक असतात. ते पाळण्याची सवय नसते, हाच काय तो प्रश्न.

शिकवणी घ्यावी का?

अनुभवी चालकाला पुन्हा शिकवणी घेणे कमीपणाचे वाटते. तरीही चाचणीपूर्वी काही तास तरी मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे द्यावेत. त्यांच्या गाडीच्या काचेवर हिरवे अष्टकोनी प्रमाणपत्र असते. गुलाबी त्रिकोणी असल्यास प्रशिक्षक अजून स्वतः प्रशिक्षणार्थी आहे, असे समजावे. तासाला सुमारे तीस ते चाळीस पौंड खर्च येतो. शून्यापासून शिकणाऱ्याला ४०-५० तास लागतात. सराव असलेल्याला त्याहून बरेच कमी पुरतात. पहिल्याच तासाला ‘चाचणी समजून मला पारखा’ असे सांगितल्यास आपल्या सवयींतील दोष उघडे पडतात. हे वर्षाच्या आरंभीच केलेले चांगले, कारण सवय बदलायला आठवडे लागतात.

आणखी एक निवड आधीच करावी लागते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत चाचणी दिली, तर मिळणारा परवाना तशाच गाड्यांपुरता असतो. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत दिली, तर दोन्ही चालविता येतात. भारतात हा भेद फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. कामावर कंपनीची किंवा रुग्णालयाची गाडी चालवावी लागणार असेल, तर याचा विचार अवश्य करावा.

दोघेही नवे असतील तर

बारा महिने उलटून गेले आणि चाचणी व्हायची असेल, तर गाडीवर ‘एल’ची पाटी लावून, जाणत्या चालकाला शेजारी बसवूनच चालवावे लागते. हा सोबती किमान २१ वर्षांचा असावा आणि त्याच्याजवळ ब्रिटनचा किंवा युरोपातील ठरावीक देशांचा पक्का परवाना तीन वर्षे असावा, अशी अट आहे. येथेच अनेक दांपत्ये अडकतात. पतीने चौदाव्या महिन्यात परवाना मिळविला, तरी तो पत्नीच्या शेजारी सोबती म्हणून तीन वर्षे बसू शकत नाही. त्याचा पंधरा वर्षांचा भारतीय परवाना या हिशेबात धरला जात नाही. मग पत्नीच्या सरावासाठी प्रशिक्षक किंवा एखादा जुना रहिवासी मित्र, एवढाच आधार उरतो. यासाठी दोघांनीही पहिल्याच वर्षी, एकाच वेळी अर्ज करावेत. ‘आधी एकाचे होऊ दे, मग दुसऱ्याचे पाहू’ हा घरगुती हिशेब येथे महागात पडतो.

लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि बस यांवर संसार चालू शकतो. परंतु नोकऱ्या लंडनमध्येच असतात असे नाही. लहान गावातील रुग्णालयात रात्रपाळी करणारा डॉक्टर, औद्योगिक वसाहतीत काम करणारा अभियंता यांना पहाटे किंवा रात्री उशिरा बस मिळत नाही. वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या कामावर २०२२ नंतर भारतातून अनेक जण गेले. परदेशातून त्यासाठी नव्याने भरती करण्याचा मार्ग जुलै २०२५ मध्ये बंद झाला. या कामात एका घरून दुसऱ्या घरी दिवसभर फिरावे लागते, म्हणून अनेक ठिकाणी परवाना ही नोकरीचीच अट असते. अशा माणसाची बारा महिन्यांची मुदत चुकली, तर त्याचे केवळ गाडी चालविणे थांबत नाही, उपजीविकाही धोक्यात येते. आणि घरी असलेल्या जोडीदाराच्या दृष्टीने परवाना म्हणजे दुकान, दवाखाना, मुलांची शाळा येथे कोणाची वाट न पाहता जाता येणे होय.

या निकडीचा गैरफायदा घेणारेही आहेत. ‘परीक्षेविना ब्रिटिश परवाना’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर दिसतात. त्या निव्वळ फसवणुकीच्या असतात. परीक्षेला दुसऱ्याला बसविणे हा तेथे तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे, आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत त्याची झळ व्हिसापर्यंत पोहोचू शकते.

विम्याचा खर्च

ब्रिटनमध्ये गाडीच्या किमतीइतकाच विमा जड जातो. विमा कंपन्या ब्रिटिश परवाना किती वर्षांपासून आहे, हे पाहतात. भारतीय परवान्यावरही विमा मिळतो, पण हप्ता बहुधा अधिक असतो, आणि भारतातील अपघातमुक्त वर्षांची सवलत सर्व कंपन्या मानीत नाहीत. तरीही भारतातील विमा कंपनीकडून तसे इंग्रजी पत्र घेऊन ठेवावे. एखादी कंपनी ते ग्राह्य धरते. चाचणी उत्तीर्ण झाल्यावर परवान्याचा बदललेला प्रकार विमा कंपनीला लगेच कळवावा.

वर्षाचे वेळापत्रक

निघण्यापूर्वी : भारतीय परवान्याची मुदत तपासावी. ती ब्रिटनमधील पहिल्या वर्षात संपत असेल, तर शक्य असल्यास आधीच नूतनीकरण करावे. मुदत संपलेल्या परवान्यावर बारा महिन्यांची सवलत मिळत नाही. परवाना, विम्याचे पत्र व पारपत्र यांतील नाव सारखे असावे. आल्या दिवसाची नोंद ठेवावी.

पहिला महिना : राहता पत्ता निश्चित होताच शिकाऊ परवान्याचा अर्ज करावा. घरातील दोघांनीही करावा. प्रशिक्षकाबरोबर एक तास घालवून आपले दोष जाणून घ्यावेत.

दुसरा व तिसरा महिना : हायवे कोडचे वाचन, चित्रफितींचा सराव आणि लेखी परीक्षा. निकालाच्या दिवशीच रस्त्यावरील चाचणीची तारीख घ्यावी.

चौथा ते आठवा महिना : रोजच्या प्रवासात नव्या सवयी मुरवाव्यात. आरसा पाहणे, मग इशारा देणे, मग हालचाल करणे, हा क्रम कोणी पाहत नसतानाही पाळावा. चाचणी-केंद्राच्या परिसरातील रस्त्यांवर गाडी चालवून पाहावी. पहिली चाचणी या काळात येईल असे पाहावे.

नववा ते बारावा महिना : हा काळ दुसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवावा. पहिल्याच प्रयत्नात यश आले, तर तो मोकळा मिळाला असे समजावे.

परवाना मिळाल्यावर तो तेथे ओळखपत्र म्हणूनही चालतो. छायाचित्र दर दहा वर्षांनी बदलावे लागते, आणि पत्ता बदलल्यास तो विनाशुल्क कळवावा लागतो. घर बदलण्याच्या गडबडीत हे राहून गेल्यास त्याबद्दलही दंड होऊ शकतो. नवागताने आणखी एक तारीख दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी : चाचणी उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांनी येणारी. तोवर सहा दंडगुणांची टांगती तलवार कायम असते, आणि ती कोसळली तर शिकाऊ परवान्यापासून सारे पुन्हा सुरू करावे लागते.